गडी नावाचा प्रोग्राम

१९९३ च्या दिवाळीआधी मी परभणीत एका विद्यार्थ्याचा दात पाडला. खालचा, समोरचा. तो माझ्या टेबलावर पडला आणि की-बोर्डच्या दोन बटणांच्या मध्ये जाऊन अडकला. पोरगं रडलं नाही, फक्त तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत राहिलं. त्यानं लिनक्सच्या मशीनवरून सी भाषेचा कंपायलर, म्हणजे ज्याच्याशिवाय त्या भाषेतलं काहीच चालत नाही तो प्रोग्राम, काढून टाकला होता आणि प्रॅक्टिकल आठ दिवसांवर आलं होतं, असं माझं म्हणणं होतं. चार दिवसांनी कळलं की ते काम त्याचं नव्हतंच.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, एका खाजगी तंत्रनिकेतनात लॅबचा इनचार्ज. हात आधी आणि डोकं मागून, ही आमच्या घराण्याचीच चाल. बोरीजवळच्या आमच्या गावात आमची जमीन मोठी, आवाज मोठा, आणि कुणाच्या कानाखाली वाजवली तर त्याची वाच्यता होत नसे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या काकांनी आणि सोळा वर्षांच्या चुलत भावानं, ज्याला मी दादा म्हणायचो, बैलगाडीत रॉकेलचे डबे भरून बौद्धवाड्याकडे नेलेले मी ओसरीत बसून पाहिले. त्या दिवशी आम्ही मुलांनी पत्र्यांचा आवाज मोजला. पत्रे तापले की फट्‌ फट्‌ उडतात. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात एक शिलाई मशीन आलं होतं आणि माझा शाळेचा सदरा त्यावरच शिवला गेला. मी तो वर्षभर घातला. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे आज लिहिताना माझंच तोंड फोडावंसं वाटतं.

तर कंपायलर. आमच्या लॅबमध्ये चार मशिनं होती आणि त्यातल्या एकावर लिनक्स होतं. एका माजी विद्यार्थ्यानं पुण्याहून बुटाच्या खोक्यातून तीसेक फ्लॉप्या आणून दिल्या होत्या. माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि मशीननं ऐकलं तर ऐकलं. प्रोग्राम गठ्ठ्यांनी यायचे. एक गठ्ठा चढवायचा तर त्याच्याआधी दुसरा चढलेला पाहिजे, आणि दुसऱ्याच्या आधी तिसरा. तो क्रम मशीन सांगत नसे. खालचा गठ्ठा कुणी काढला तर मशीन निमूट काढून द्यायचं आणि वरचे सगळे आडवे व्हायचे. कंपायलर असाच आडवा झाला होता. कुणीतरी जागा करायला म्हणून भलताच गठ्ठा काढला होता, आणि मी दात पाडला होता भलत्याच पोराचा.

यावर तोडगा काढला तो माझ्या सोबत्यानं. तोही लॅबमध्येच शिकवायचा, वयानं माझ्याएवढाच, पालमकडचा. अंगानं बारीक, आवाज हळू, पण फळ्यावर लिहायला लागला की मागच्या बाकावरची टवाळ पोरंही वह्या उघडायची. त्यानं एकेक गठ्ठा चढवून, काढून, मोडून, कोण कुणावर उभं आहे याची फाइल तयार केली. त्याला दीड महिना लागला. मग आम्ही दोघांनी मिळून एक मदतनीस प्रोग्राम लिहिला. त्याला फक्त गठ्ठ्याचं नाव सांगायचं. आधी काय चढवायचं ते तो बघायचा, कोणती फ्लॉपी घालायची ते सांगायचा, आणि काही काढायला गेलं तर तो काय काय मोडेल ते आधी दाखवायचा. पुण्यामुंबईच्या लोकांकडेही तेव्हा असलं काही नसावं, अशी आमची समजूत होती.

नाव मी ठेवलं. गडी. सांगितलेलं काम करतो, म्हणून गडी. सोबती म्हणाला, "माझा बाप एकोणीस वर्षं सालगडी होता. ठेव, मला काही न्हाई." मी ठेवलं.

तो बौद्ध आहे हे मला माहीत होतं. माझी आत्या त्याच्याच गावात दिलेली. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. त्याचं आडनाव पूर्वजांच्या दुसऱ्याच कुठल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, कुणाचंही असू शकेल असं. परभणीत त्यानं ज्या घरात खोली घेतली होती तिथे मालकीणबाईंनी आडनाव ऐकून मान हलवली होती आणि तोही गप्प राहिला होता. एकदा चहा पिताना तो मला म्हणाला होता की ह्या गावात त्याला मास्तर म्हणून राहायचं आहे, बाकी कुणी काही विचारू नये आणि त्यानं काही सांगू नये, एवढंच त्याला पाहिजे. नोकरी, खोली, शनिवारी मटण, असं साधंच सगळं. मी त्याला म्हणालो होतो, तुला कोण काय विचारतंय. किती सहज म्हणालो होतो.

दाताचं प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. पोराचा बाप ऑफिसात येऊन टेबलावर काठी आपटून गेला. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की मारायचं तर मारा, पण पुराव्यानिशी मारा. हे त्यांनी गंभीरपणे सांगितलं आणि मीही गंभीरपणे ऐकलं. लॅबमध्ये सगळ्यांना एकच पासवर्ड होता, त्यामुळे कुणी काय केलं ते कळायची सोय नव्हती. गडी चालायला लागल्यावर मी ठरवलं, आता गड्यानं विचारायचं. कुणीही काहीही चढवलं किंवा काढलं की आधी तीन प्रश्न: नाव, आडनाव, गाव. उत्तरं फाइलमध्ये जायची आणि दर सोमवारी मी ती प्रिंटरवर छापून लॅबच्या दारावर चिकटवायचो. परीक्षेचे नंबर, निकाल, गैरहजरांची नावं, आमच्याकडे सगळं दारावरच लागतं. आता गुन्हेगारही दारावर लागणार होते. मला गुन्हेगार पाहिजे होता. सरळ सांगायचं तर मारायला माणूस पाहिजे होता.

सोबती म्हणाला, गाव कशाला, रोल नंबर विचार. मी म्हणालो, रोल नंबर पोरं खोटे टाकतील. एका वर्गात एकाच आडनावाचे पाच निघतात, त्यात दोघांचं नावही एकच. गावाबद्दल मात्र आपल्याकडे कुणी खोटं बोलत नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग पाणी मागतो. मला ती फारच हुशार कल्पना वाटली होती. तो हसला आणि म्हणाला, "गड्यानं मालकाला असं इचारलं तर मालक काय करील?" मी म्हणालो, हा कॉम्प्युटर आहे.

पहिल्या यादीपासूनच मला एक गोष्ट खुपायला लागली. सगळ्यात जास्त काम सोबतीच करायचा, त्यामुळे दर दोन ओळींआड त्याचं नाव. नाव, आडनाव, आणि गावाच्या जागी काही नाही. तो नुसतं एंटर दाबून पुढे जायचा. पोरांच्या ओळी भरलेल्या, मास्तरची ओळ रिकामी. मग पोरंही एंटर दाबायला लागली. मी गड्यात सुधारणा केली की रिकामं उत्तर चालणार नाही, पुन्हा विचारायचं. सोबत्यानं एक ठिपका टाकून वेळ मारून नेली. मी ठिपकाही बंद केला. हे सगळं मी हसत हसत करत होतो, त्याची गंमत करतोय अशा थाटात. तो हसत नव्हता हे मला दिसत होतं आणि तरी माझे हात थांबत नव्हते. मग तो सरळ परभणी असं टाकायला लागला. आणि मला, ज्याला चुकीची नोंद दिसली की झोप येत नाही अशा मला, तेही सहन झालं नाही. संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी सकाळी मी प्रोग्राममध्ये शिक्षकांची वेगळी फाइल जोडली आणि त्याचं गाव स्वतःच्या हातानं भरलं. दोन मिनिटांचं काम. मग यादी छापली आणि दारावर लावली.

तो आला, दारासमोर थांबला, वाचलं. आत येऊन हळू आवाजात म्हणाला, "काढ ते." मी म्हणालो, प्रिंटरची रिबन संपत आलीय, पुढच्या सोमवारी नवीन निघेल तेव्हा बघू. तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा मी त्याच्यावर खेकसलो की एवढं काय झालंय. त्यानं खडू उचलला आणि तो वर्गावर निघून गेला. हात लांब करून तो कागद मला कधीही फाडता आला असता. माझ्या लॅबच्या दारावरचा कागद माझ्याशिवाय कुणी फाडू नये, असाही माझा नियम होता आणि तो त्यानं पाळला.

शुक्रवारी, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. शनिवारी सकाळी सोबत्यानं लॅबचं दार लोटून घेतलं, खिशातून कागदात बांधलेला एक पेढा काढला आणि अर्धा मला दिला. सोळा वर्षं, एवढंच म्हणाला. मी पेढा खाल्ला. कॉलेज अर्धं रिकामं होतं. गावोगावच्या बातम्या येत होत्या, कुठे दगड, कुठे जाळपोळ. तो गड्याच्या कामाला बसला. काही काढण्याआधी गडी नुसती यादी दाखवायचा, ती पोरं न वाचताच पुढे जायची. ती वाचेपर्यंत पुढे जाताच येऊ नये, असं काहीतरी त्याला करायचं होतं. मी प्राचार्यांकडे प्रॅक्टिकलचं विचारायला गेलो.

परत आलो तेव्हा अकरा वाजले असतील. आवारात एक जीप उभी होती आणि आमच्या लॅबच्या दाराशी सहा माणसं. मधला माणूस यादीवर बोट फिरवत होता, ओळीमागून ओळ. तो माझा चुलत भाऊ होता, दादा, नामविस्ताराचा राग कुणावर काढायचा ते हुडकत आलेला. मला बघून त्याला आनंद झाला. पाठीवर थाप मारून त्यानं सोबतच्यांना सांगितलं की हाच आमचा कॉम्प्युटरवाला. एकाच्या हातात जीपच्या जॅकचा दांडा होता. दादाचं बोट सोबत्याच्या ओळीवर होतं.

"आत्याच्या गावात ह्या आडनावाचं एकच घर हाय," तो म्हणाला. "अन् ते गावाभायेर हाय. खरं का न्हाई?"

"ते चुकीचं छापलंय."

"छापलं कुनी?"

"मी."

"मंग चुकायचं न्हाई. तू चुकत न्हाईस, समद्या गावाला माहीत हाय."

हे तो कौतुकानं म्हणाला. माझ्या आयुष्यात मला कुणी दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी असेल. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. दोघांनी मला बखोटीला धरून बाजूला केलं, अगदी घरच्या माणसाला करतात तसं, न दुखवता, आणि दादानं दार लाथेनं उघडलं.

पुढचं सगळं पाचेक मिनिटांत झालं. त्यांनी सोबत्याला खुर्चीसकट आडवं पाडलं. पहिली लाथ पोटात, दुसरी कानावर. तो ओरडला नाही, हातानं डोकं झाकून गुडघे पोटाशी घेऊन पडला. त्याला मार खाता येत होता. मला ते तेव्हा लख्ख दिसलं की हे तो कुठेतरी शिकलेला आहे. एकानं मॉनिटर उचलून आपटला, काच फुटताना बंदुकीसारखा आवाज झाला. मग दोघांनी त्याला उठवून त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. दादानं विचारलं की ह्याच हातानं शिकवतोस का. दांडा खाली आला. एकदा, मग परत, मग परत. मला बोटं मोडल्याचा आवाज ऐकू आला आणि त्याच्यानंतर त्याचा, जो मी कधी ऐकला नव्हता आणि परत ऐकू इच्छित नाही.

मी सुटलो कसा ते सांगता येत नाही. भिंतीजवळ स्टॅबिलायझर होता, लोखंडी, दहा-बारा किलोचा. मी तो तारांसकट उपटला आणि दादाच्या अंगावर घातला. नेम डोक्यावर होता, खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं हे नंतर कळलं. मला मारायचंच होतं त्याला. जीव घ्यायचा होता, हे मी पोलिसांनाही सांगितलं. त्यानंतर ते माझ्यावर आले. माझ्या दोन फासळ्या गेल्या आणि शुद्ध हरपली. शुद्धीवर आलो तेव्हा जीप गेलेली होती आणि सोबती टेबलाखाली डाव्या हातानं उजवा हात धरून बसला होता. त्याच्या कानातून रक्त येत होतं. दार उघडं होतं आणि त्यावर यादी तशीच होती, एका कोपऱ्यालाही न फाटता.

सरकारी दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या. तीन बोटं कायमची वाकडी राहणार, डावा कान गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दादाचं आणि बाकी पाच जणांतल्या ओळखीच्या दोघांचं नाव जबाबात दिलं. वडील आले, जबाब मागे घे म्हणाले, रक्ताचं नातं काढलं. मी त्यांच्या अंगावर जेवणाचा डबा फेकला. त्यानंतर मी गावात पाऊल टाकलेलं नाही. खटला पुढे अनेक वर्षं तारखांवर तारखा घेत रखडला आणि विझला. चौथ्या दिवशी मालकीणबाईंचा माणूस सोबत्याची ट्रंक दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवून गेला, वर गुंडाळलेली गादी. त्यांनीही यादीची बातमी ऐकली होती.

ट्रंक आली त्या दुपारी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. माझ्याकडे न बघता, छताकडे बघत.

"रिकामं का न्हाई सोडलंस?"

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, मला रिकामी ओळ बघवत नव्हती. याहून मोठं कारण असावं म्हणून मी मनात खूप शोधलं. घराण्याचा माज, जातीचा द्वेष, त्याच्या हुशारीचा मत्सर, काहीतरी. ते सगळं माझ्यात थोडं थोडं असेलच. पण त्या सोमवारी सकाळी बोटं चालवणारं कारण एवढंच होतं. त्यानं ऐकलं आणि चांगला कान उशीवर टेकवून कूस बदलली, म्हणजे आता मी काही बोललो असतो तरी त्याला ऐकू आलं नसतं.

मार्चमध्ये तो ट्रंक घेऊनच राजीनामा द्यायला आला. प्लास्टर निघालेलं होतं. ऑफिसातून तो सरळ लॅबमध्ये आला, मला खुर्चीवरून उठायची खूण केली आणि लिनक्सच्या मशीनपुढे बसला; त्याला आता दुसऱ्या मशीनचा मॉनिटर जोडलेला होता. मला वाटत होतं त्यानं मला मारावं. मी त्याच्या डाव्या हाताच्या टप्प्यात उभा राहिलो, मुद्दाम. त्याचं लक्षच नव्हतं. डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यानं गड्याचे तिन्ही प्रश्न काढून टाकले. मग शिक्षकांची फाइल पुसली. मग ते संक्रांतीच्या वेळचं अर्धवट काम पूर्ण केलं. काही काढायला गेलं की काय काय मोडेल याची यादी यायची आणि ती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय, तिच्यातलं शेवटचं नाव स्वतः टाइप केल्याशिवाय गडी पुढे सरकत नसे. अडीच तास लागले. मी दोनदा म्हणालो, सांग, मी टाइप करतो. तो ऐकू न आल्यासारखा बसून राहिला. काम चालतंय हे दोनदा तपासून तो उठला.

मी त्याच्या मागोमाग एसटी स्टँडवर गेलो. त्यानं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. नांदेडची गाडी लागली होती. ट्रंक त्यानं एकट्यानं चढवली. खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली खिडकीशी उभा राहिलो, काहीतरी बोलायचं होतं, माफ कर एवढं दोन शब्दांचं, आणि तेवढेही जमत नव्हते. शेजारी एक पागोटेवाला म्हातारा येऊन बसला. पिशवी मांडीवर घेतली, सोबत्याच्या हाताकडे बघितलं, आणि आपल्याकडे विचारतात तसं त्यानं मायेनं विचारलं, "कुठले म्हनायचे पाव्हनं?"

सोबत्यानं गावाचं नाव सांगितलं. मग न विचारता आडनाव सांगितलं, आणि त्याच्यामागून बौद्धवाड्यातलं घर, सालगड्याचा पोरगा, असं सगळं, वर्गात बोलायचा तशा स्पष्ट आवाजात, पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून बघावं इतक्या मोठ्यानं. म्हाताऱ्यानं बरं म्हणून पाय आखडून घेतले. बोलताना सोबती त्याच्याकडे बघत नव्हता. तो खिडकीतून खाली, माझ्याकडे बघत होता.